कामगार परत बोलावताना : आदेश, पगार, लस आणि औद्योगिक न्यायालय

फॅक्टरीगेट | ३ डिसेंबर २०२१, सकाळी ९:१०

२७ नोव्हेंबरचा महाराष्ट्र सरकारचा कोविड नियमांचा, लसीकरणाची अट घालणारा आदेश आल्यापासून तीनच प्रश्न फिरताहेत. लस न घेतलेल्याला गेटवरून परत पाठवलं तर त्या दिवसाचा पगार द्यायचा का? बोलावूनही न येणाऱ्याचं नाव मस्टरवरून कमी करता येतं का? आणि आवारात कोणी बाधित सापडलं तर मालकावर गुन्हा दाखल होतो का? व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं ढिगाने मिळतात, पण त्यातली निम्मी २०२० च्या अशा आदेशांवर बेतलेली असतात जे कधीच मागे घेतले गेलेत. म्हणून हा धागा. ज्याला जे नक्की ठाऊक आहे ते त्याने तारीख आणि कलमासह लिहावं.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय गृह खात्याच्या सूचना आल्यावर उद्योगांत घबराट पसरली होती, की एक बाधित सापडला की सीईओला अटक आणि कारखाना तीन महिने सील. २३ एप्रिल २०२० ला गृहसचिवांनी राज्यांना पत्र लिहून सांगितलं की सूचनांमध्ये असं काहीही नाही. शिक्षा आहे ती नियम मोडल्याची. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५१ : एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, त्या हलगर्जीने जीव गेला किंवा धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत. कंपनी असेल तर कलम ५८ प्रमाणे त्या वेळी कारभार ज्याच्या हाती होता तोही आरोपी. जोडीला भारतीय दंडविधानाचं (भादंवि) कलम १८८, सरकारी आदेश मोडल्याचं.

म्हणजे गेटवरची तपासणी वही, औषध फवारणीची नोंद, सूचना फलकावर लावलेल्या आदेशाचा तारखेसह फोटो, हे सगळं उद्या बचावाचे कागद आहेत. वही रोज भरायची. तपासणीच्या आदल्या रात्री बसून एकाच पेनाने महिनाभराची भरलेली वही कुणालाही ओळखू येते.

---

साडेनऊची_लोकल | ३ डिसेंबर, दुपारी १२:४०

धागा हवाच होता. २७ नोव्हेंबरच्या आदेशातले आकडे देऊन ठेवते, कारण लोक ५०० आणि ५०,००० यांची सरमिसळ करतात.

व्यक्तीने नियम मोडला तर तिला ५०० रुपये. तीच व्यक्ती तुमच्या आवारात मास्कशिवाय सापडली, मग ती ग्राहक असो की पाहुणा, तर आस्थापनेला १०,०००. आस्थापनेनेच नियम पाळले नाहीत तर दर प्रसंगी ५०,०००. वारंवार घडलं तर टाळं. आणि हो, तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे, हे आदेशात शब्दश: लिहिलंय. सुरक्षारक्षकांना हे आधी सांगा.

‘पूर्ण लसीकरण’ म्हणजे दुसरी मात्रा अधिक १४ दिवस. दुसऱ्या दिवशीच प्रमाणपत्र दाखवणारा माणूस आदेशाच्या भाषेत अजून पूर्ण लसीकृत झालेला नसतो. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालतं. पुरावा म्हणून राज्याचा युनिव्हर्सल पास, नाहीतर कोविनचं प्रमाणपत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र.

आणखी एक ओळ आहे जी फारसं कुणी वाचत नाही. जी आस्थापना सर्वसामान्य जनतेसाठी खुली नाही आणि जिथले लोक खाजगी वाहनाने येतात, तिथे पूर्ण लसीकरणाची सक्ती नाही, फक्त आग्रहाचा सल्ला आहे. स्वत:च्या बसने कामगार आणणारा कारखाना आणि लोकलने लोक येतात ते नरिमन पॉइंटचं ऑफिस यांना एकच नियम लावू नका. सार्वजनिक वाहतूकच पूर्ण लसीकृतांपुरती आहे, त्यामुळे ऑफिसवाल्यांचा प्रश्न गेटच्या आधी स्टेशनवरच सुटतो किंवा अडतो.

---

दुसरीपाळी | ३ डिसेंबर, सायं. ६:०५

कामगारांच्या बाजूने लिहितो. साडेनऊताईंचे आकडे बरोबर आहेत, पण हिशोब पुढे न्या.

कोविशिल्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचं अंतर आहे, त्यावर १४ दिवस. म्हणजे ९८. ज्याने १ डिसेंबरला पहिली मात्रा घेतली तो ९ मार्च २०२२ ला ‘पूर्ण लसीकृत’ होईल. कोव्हॅक्सिनचं अंतर २८ दिवस, म्हणजे ४२ दिवसांनी, १२ जानेवारीला. आता जो माणूस तयार होऊन रांगेत उभा राहिला त्याला तुम्ही ९८ दिवस बिनपगारी घरी बसवणार? शिवाय कोविड होऊन गेलेल्याला तीन महिने लस देत नाहीत. त्याने काय करायचं?

लसीकरण ऐच्छिक आहे असं केंद्राचं आरोग्य खातं स्वत: सांगतं. मेघालय उच्च न्यायालयाने २३ जून २०२१ ला सक्ती बेकायदा ठरवली. मग गेटवर अडवणं म्हणजे चौकशीशिवाय निलंबनच झालं. सरळ औद्योगिक न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार होऊ शकते.

---

कामगारवकील | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

दुसरीपाळी यांचा ९८ दिवसांचा मुद्दा वजनदार आहे. पण मेघालयचा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयाला पटवून देता येतो, बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयात लसीच्या सक्तीवर याचिका प्रलंबित आहे. तोवर राज्याचा आदेश उभा आहे, आणि तो मोडला तर ५०,००० मालकाच्या खिशातून जातात. त्यामुळे ‘अडवू नका’ हा सल्ला मी देणार नाही. अडवताना काय लिहायचं, एवढंच सांगतो.

पगारावर आधी काय घडलं ते क्रमाने बघू, म्हणजे कोर्ट कसं विचार करतं ते कळेल.

२९ मार्च २०२० : गृह खात्याचा आदेश, टाळेबंदीत बंद असलेल्या आस्थापनांनी कपात न करता पूर्ण पगार द्यावा. १७ मे २०२० ला तो मागे घेतला, १८ मेपासून लागू नाही. मधले साधारण ५० दिवस हाच वादाचा विषय.

३० एप्रिल २०२० : मुंबई उच्च न्यायालय, औरंगाबाद खंडपीठ, अलाइन कम्पोनंट्स प्रकरण. ज्यांना कामावर बोलावलंच नाही त्यांना प्रवास आणि भोजन भत्ता वगळून ढोबळ पगार द्या. पण जिथे निर्बंध अंशत: उठलेत तिथे कामगारांनी पाळीप्रमाणे हजर व्हावं, मालकाने संसर्गापासून पुरेसं संरक्षण द्यावं, आणि कोणी स्वेच्छेने गैरहजर राहिला तर कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती पाळून त्याचा पगार कापता येईल.

१२ मे २०२० : तेच खंडपीठ, राष्ट्रीय श्रमिक आघाडी प्रकरण. तुळजापूरच्या देवस्थानात कंत्राटावर असलेले कामगार काम करायला तयार होते, मंदिरच बंद. अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ लावता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. इथेही प्रवास आणि भोजन भत्ता वगळला.

१२ जून २०२० : सर्वोच्च न्यायालय, फायकस पॅक्स प्रकरण. ५० दिवसांच्या पगाराबद्दल मालक आणि कामगारांनी वाटाघाटी कराव्यात, नाही जमलं तर कामगार खात्याकडे जावं, आणि पगाराचा वाद चालू असला तरी काम करू इच्छिणाऱ्याला कामावर घ्यावं.

तीनही निकालांत एकच प्रश्न येतो. माणूस यायला तयार होता का, आणि मालकाने त्याला बोलावलं होतं का? ज्याच्याकडे याचं उत्तर कागदावर आहे त्याची बाजू भक्कम. बहुतेक मालक इथेच हरतात, कारण ‘सुपरवायझरने फोन केला होता’ यापलीकडे त्यांच्याकडे काही नसतं.

म्हणून बोलावण्याचं पत्र. मराठीत, आणि परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही. त्यात हवं ते असं : कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेपासून आस्थापना सुरू झाली, हजर व्हायची तारीख आणि पाळी, येण्याजाण्याची सोय काय, आत काय काळजी घेतली आहे, आणि येता येत नसेल तर कारण लेखी कळवा, अमुक दिवसांत. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. त्यामुळे आजारी, विलगीकरणात असलेला, प्रतिबंधित क्षेत्रात अडकलेला आणि नुसता न येणारा असे चौघे वेगळे होतात. पत्र मस्टरवरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्ट एडीने, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि गेटच्या फलकावर. गावी गेलेल्याचा गावचा पत्ता नोंदीत असेल तर तिथेही. पाकीट ‘घर बंद’ म्हणून परत आलं तर ते फोडू नका, तसंच फाइलला लावा.

नाव मस्टरवरून कमी करणं : नाही. आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत) १० दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन आहे, पण म्हणजे नोकरी आपोआप संपते असं नाही. डी. के. यादव प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ऐकून न घेता नाव उडवणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध. ‘त्याने स्वत:च काम सोडलं’ म्हणायचं असेल तरी आरोपपत्र, चौकशी, निष्कर्ष, दुसरी कारणे दाखवा नोटीस, हा पूर्ण रस्ता चालावा लागतो. साथीच्या काळात ‘काम सोडण्याचा इरादा होता’ हे सिद्ध करणं तर फारच अवघड.

आता लस न घेतलेला. माझ्या मते क्रम असा असावा. आधी घरून किंवा जनतेशी संपर्क नसलेलं काम आहे का ते बघा आणि ‘नाही’ असेल तर का नाही ते लिहा. मग त्याच्या मागणीवरून शिल्लक रजा. रजा संपली आणि त्याने पहिली मात्रा घेतली असेल तर उरलेल्या दिवसांसाठी युनियनशी लेखी समझोता, अर्धा पगार किंवा पुढच्या रजेतून आगाऊ. पहिली मात्राही घेत नाही आणि वैद्यकीय कारणही देत नाही, अशालाच बिनपगारी ठेवण्याचा धोका पत्करावा. तोही लेखी सूचना देऊन. आरोपपत्र मात्र देऊ नका. लस न घेणं हे कोणत्याही स्थायी आदेशात गैरवर्तन म्हणून लिहिलेलं नाही.

---

दुसरीपाळी | ५ डिसेंबर, सकाळी ८:१५

वकीलसाहेब, ‘मागणीवरून’ हा शब्द अधोरेखित करा. ऑफिसात बसून परस्पर अर्जित रजा खर्ची टाकतात आणि दिवाळीनंतर कामगाराला कळतं की शिल्लक शून्य. आणि अर्धा पगार तर माझ्या मते हक्काचा आहे. ‘काम देण्यास असमर्थता’ म्हणजे ले-ऑफच (तात्पुरती कामबंदी) की.

---

कामगारवकील | ५ डिसेंबर, सकाळी ११:३०

ले-ऑफच्या व्याख्येत कारणं मोजून दिली आहेत : कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, मालाचा साठा, यंत्र बिघाड, नैसर्गिक आपत्ती किंवा त्यांच्याशी निगडित कारण. एका माणसाला आदेशामुळे आत घेता येत नाही हे त्यात बसवणं ओढूनताणून होईल. पण संपूर्ण विभाग बंद ठेवावा लागला तर तुमचं बरोबर. ५० किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-सी प्रमाणे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के. १०० किंवा जास्त असतील तर २५-एम ची सरकारी परवानगीही बघावी लागते. नैसर्गिक आपत्तीचा अपवाद त्यात आहे, पण साथ त्यात बसते हे गृहीत धरू नका, अर्ज करून ठेवा.

यात एक खड्डा आहे. २५-ई प्रमाणे ले-ऑफमधल्या कामगाराने रोज एकदा हजेरी लावली नाही तर भरपाई जाते. साथीत हे शब्दश: पाळलं तर गेटवर ज्यांना काम नाही त्यांचीच गर्दी. म्हणून ले-ऑफच्या नोटिशीतच लिहून द्या की रोज हजेरीची अट लावणार नाही, फोनवरची नोंद पुरेशी.

---

पगारपत्रक | ५ डिसेंबर, दुपारी ३:००

पगाराच्या बाजूने चार गोष्टी.

गैरहजेरीची कपात वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, गैरहजर दिवसांच्या प्रमाणातच. ‘कोविड कपात १० टक्के’ असा रकाना पगारचिठ्ठीत टाकू नका, कलम ७ च्या यादीत असली कपात नाही. पगारच कमी करायचा असेल तर कामगारांसाठी तो सेवाशर्तीतला बदल. औद्योगिक विवाद कायदा, कलम ९-ए, २१ दिवसांची नोटीस. युनियनशी समझोता झाला तर नोटिशीची गरज पडत नाही, आणि व्यवहारात तोच मार्ग लवकर संपतो. व्यवस्थापकीय पदांवर ९-ए लागत नाही, पण नेमणूकपत्र हा करार आहे. संमतीची ईमेल घ्या, ‘उत्तर आलं नाही तर मान्य समजू’ असली नको.

ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) : २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार बाधित झाला तर आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांचे दिवस भरले नाहीत त्यांचे अर्ज इथेच अडकले. आणि हा लाभ चालू असताना कलम ७३ प्रमाणे कामगाराला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. हे कलम एचआरच्या टेबलावर काचेखाली ठेवायच्या लायकीचं आहे.

दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये (१० आणि जास्त कामगार) आजारपणाची वेगळी रजा नाही. वर्षाला ८ नैमित्तिक, आणि २४० दिवस भरले तर २० दिवसांमागे एक अर्जित, साठा ४५ पर्यंत. एकदा कोविड झाला की नैमित्तिक संपल्याच. ऑफिसांनी वेगळी विलगीकरण रजा धोरणात लिहून घ्यावी, नाहीतर लोक लक्षणं लपवून येतात.

कंत्राटी कामगार : ठेकेदाराने पगार थकवला तर कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे मुख्य मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा. ठेकेदाराचं बिल आधी चुकतं केलं तर वसूल कशातून करणार?

---

हिरवंहेल्मेट | ६ डिसेंबर, सकाळी ७:४५

वकील-पगारवाल्यांनी गेटच्या आतलं काही लिहिलं नाही, ते मी लिहितो. कायद्याचे अर्धे घोटाळे घड्याळातून होतात.

गेट. एका माणसाची तपासणी, हात सॅनिटाइझ, वहीत नोंद मिळून १० सेकंद धरा. ३०० माणसं, एक थर्मल गन : ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. शेवटचा माणूस ७ च्या पाळीला ७:५० ला पंच करतो आणि मशीन त्याला ‘लेट’ दाखवतं. रांगेतला वेळ मालकाने लावलेल्या तपासणीचा आहे, त्याची कपात टिकणार नाही. तीन रांगा, तीन गन केल्या तर १७ मिनिटं. तेही जमत नसेल तर पंचिंग रांगेच्या तोंडाशी आणा. बोटाच्या ठशाचं मशीन बंद, कार्ड किंवा वही.

कॅन्टीन. २४० माणसं, ६० खुर्च्या, अंतरामुळे ३०. म्हणजे ८ तुकड्या, प्रत्येकी अर्धा तास. पाळी ७ ला सुरू आणि पहिली तुकडी ९:३० ला बसवली तर आठवी १ वाजता बसते. कारखाने कायद्याचं कलम ५५ सांगतं की सलग ५ तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी. ७ अधिक ५ म्हणजे १२. सातवी (१२:३०) आणि आठवी (१:००) तुकडी कायद्याबाहेर. जेवण २० मिनिटांचं करणं हा उपाय नाही, ते अर्ध्या तासाखाली येतं. उपाय एकच, दुसरी बसायची जागा : सायकल स्टँडवर पत्रा टाका, मांडव घाला. आणि विश्रांतीची वेळ बदलणं हेही ९-ए च्या अनुसूचीत येतं बरं का, म्हणून युनियनची सही घेऊन वेळापत्रक लावा.

बाधित सापडला तर. आरोग्य खात्याची कार्यपद्धती : एक-दोन रुग्ण असतील तर ती व्यक्ती मागच्या ४८ तासांत जिथे वावरली तेवढाच भाग निर्जंतुक करून काम सुरू. जास्त असतील तर पूर्ण इमारत निर्जंतुक करून मगच. लोक ‘४८ तास’ वाचतात आणि प्लांट दोन दिवस बंद ठेवतात. तो आकडा मागे वळून बघायचा आहे.

संपर्कातले शोधताना शेजारचं मशीन सगळे बघतात. बस, कॅन्टीनचं टेबल आणि कपडे बदलायची खोली विसरतात. बसमध्ये आसन क्रमांक ठरवून द्या, रोज तोच. म्हणजे यादी पाच मिनिटांत निघते आणि ४० ऐवजी ६ जणच घरी जातात. एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात कारखान्यांसाठी स्पष्ट होतं की संपर्कातल्यांना विलगीकरणात ठेवलं तर पगारासह.

फवारणी. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग त्याचा, ४ भाग पाणी. १० टक्क्यांचं असेल तर १ ला ९. रोज ताजं करायचं, उन्हात ठेवलेल्या कॅनमधलं क्लोरीन उडून जातं. १० मिनिटं ओलं राहू द्या. धातूच्या पृष्ठभागावर नको, गंजतो, तिथे अल्कोहोल. टॉयलेटच्या अ‍ॅसिडात मिसळलं तर विषारी वायू. आणि माणसांवर फवारणी करायची नाही, आरोग्य खात्याने एप्रिल २०२० मध्येच बजावलंय. फवारणीच्या बोगद्यातून कामगार नेणं म्हणजे भोगवटादाराने (कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याने) कारखाने कायद्याच्या कलम ७-ए चा, कामगारांच्या सुरक्षेच्या कर्तव्याचा, भंग स्वत:च्या हाताने लिहून देणं.

बरा होऊन येणाऱ्याकडून ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट मागू नका. आरटीपीसीआर बरं झाल्यावरही कित्येक दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. विलगीकरण संपल्याचं डॉक्टरांचं पत्र पुरे.

---

चहाटपरी | ६ डिसेंबर, सकाळी १०:०२

हेल्मेटभाऊ, सायकल स्टँडवर पत्रा टाकायला परवानगी लागते का?

---

हिरवंहेल्मेट | ६ डिसेंबर, सकाळी १०:३०

कायमस्वरूपी बांधकाम केलंत तर नकाशात बदल दाखवावा लागतो. तात्पुरत्या मांडवाला अग्निशमनाची वाट मोकळी ठेवा, म्हणजे झालं.

---

नवाचार्ज | ७ डिसेंबर, रात्री ९:००

खूप उपयोगी धागा. दोन शंका. माणसं कमी असल्याने १२ तासांच्या पाळ्या लावता येतील का? आणि कामगार कोविडने दगावला तर कंपनीची जबाबदारी किती?

---

दुसरीपाळी | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

पहिलीचं उत्तर मी देतो. नाही. महाराष्ट्राने मे २०२० मध्ये १२ तास, आठवड्याला ६० तास अशी सूट दिली होती, ३० जून २०२० पर्यंत, आणि जादा तासांना दुप्पट दर होताच. गुजरातने दुप्पट दरच काढून टाकला. १ ऑक्टोबर २०२० ला गुजरात मजदूर सभा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली : साथ म्हणजे कारखाने कायद्याच्या कलम ५ मधली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, आणि कामगारांना जादा कामाचे पैसे द्या. आज (डिसेंबर २०२१) दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, वर दुप्पट दर. संसदेने नव्या कामगार संहिता मंजूर केल्यात हे सांगणारे भेटतील, डिसेंबर २०२१ पर्यंत तरी त्या लागू झालेल्या नाहीत.

---

पगारपत्रक | ८ डिसेंबर, सकाळी ११:१५

दुसरीचं उत्तर. आधी बघा तो ईएसआयसीत आहे का. असेल तर कलम ५३ प्रमाणे कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळा दावा होत नाही. ईएसआयसीची कोविड मदत योजना २४ मार्च २०२० पासून दोन वर्षांसाठी आहे : वारसांना सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के, दरमहा किमान १,८००. अट, निदानाच्या किमान तीन महिने आधी पोर्टलवर नोंदणी आणि आदल्या वर्षभरात ठरावीक दिवसांची वर्गणी. नवीन कामगाराची नोंदणी ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणणाऱ्यांमुळे कुटुंबं यातून बाहेर पडतात.

ईएसआयसीत नसेल तर तोच १९२३ चा नुकसानभरपाई कायदा. मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. वेतन १५,००० हून जास्त असलं तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशोबाला तेवढंच धरतात. मागच्या वाढदिवसाला ३५ पूर्ण असतील तर गुणक १९७.०६ : ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५०. महिन्याभरात जमा नाही केले तर १२ टक्के व्याज, विनाकारण उशीर असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. पण इथे वारसांना सिद्ध करावं लागतं की संसर्ग कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला. रुग्णालयातला वॉर्डबॉय, सफाई, प्रयोगशाळा यांना तिसऱ्या अनुसूचीच्या ‘अ’ भागाचा आधार आहे, संसर्गाची विशेष जोखीम असलेला व्यवसाय म्हणून. लोकलने येणाऱ्या क्लार्कला ते कठीण. पण आसन क्रमांकाची यादी, बाधितांची नोंद, फवारणीची वही हे कागद त्या दाव्यात दोन्ही बाजूंनी बोलतात, ध्यानात ठेवा.

आणि यापलीकडे ईडीएलआय (पीएफशी जोडलेली विमा योजना) : भविष्य निर्वाह निधीचा सदस्य असेल तर विमा कमाल ७ लाख, कशानेही मृत्यू झाला तरी. हा अर्ज भरून द्यायला एचआरने वारसाला बोलवावं, वारसाने विचारायची वाट बघू नये.

---

साडेनऊची_लोकल | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

ऑफिसवाल्यांसाठी राहिलेलं. लसीचं प्रमाणपत्र, तापमान, रिपोर्ट ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे. लेखी संमती, कशासाठी घेतो ते लिहा, आणि कोण बघू शकतं ते ठरवा. ‘अकाउंट्समधले अमुक पॉझिटिव्ह आलेत’ असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. ‘चौथ्या मजल्यावर रुग्ण, संपर्कातल्यांना वेगळं कळवलं आहे’ एवढं बास. प्रमाणपत्राची छायाप्रत साठवण्यापेक्षा ‘पाहिलं, तारीख, सही’ अशी नोंद ठेवली तर ओझंच राहत नाही. आरोग्य सेतू अ‍ॅपची सक्ती १७ मे २०२० ला सैल होऊन ‘शक्य तितके प्रयत्न’ झाली, तरी काही ठिकाणी रिसेप्शनवर अजून पाटी आहे. काढा.

गरोदर कर्मचारी, मधुमेही, वयस्क यांना जनसंपर्काच्या जागी बसवू नका. पण ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून बिनपगारी घरीही बसवू नका, भेदभाव तिथेच होतो. आणि घरून काम चालू असलं तरी लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलंय. रात्रीचे व्हिडिओ कॉल अंतर्गत तक्रार समितीपुढे येऊ शकतात.

---

फॅक्टरीगेट | १० जानेवारी २०२२, सकाळी ८:००

आदेश बदलला. आजपासून खाजगी कार्यालयांत नियमित हजेरी ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको, प्रत्यक्ष येणारे पूर्ण लसीकृतच, घरून कामाला आणि वेगवेगळ्या वेळांना प्रोत्साहन. सौम्य रुग्णाचं गृहविलगीकरण ७ दिवसांवर आलंय, शेवटचे सलग ३ दिवस ताप नसेल तर. डिसेंबरमधली १० दिवसांची रजा-पत्रकं सुधारून घ्या. कोणाला बोलवायचं ते ५० टक्के निवडताना आळीपाळी ठेवा. तेच तेच लोक घरी आणि तेच तेच लोक ऑफिसात असं झालं तर पुढे नोकरकपातीच्या यादीत हीच विभागणी ‘आधीच ठरलं होतं’ म्हणून पुरावा बनते.

---

कामगारवकील | ६ मे २०२२, रात्री ९:३०

धागा वर आणतोय, कारण दोन गोष्टी बदलल्या. गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्याचे निर्बंध उठले. आणि २ मे ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल प्रकरणात निकाल दिला : कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, आणि संसर्ग कमी असताना लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधनं प्रमाणाबाहेरची आहेत. खाजगी संस्थांनीही आपले नियम तपासावेत असं सुचवलंय. म्हणजे गेटवरची ‘लस नाही तर प्रवेश नाही’ ही पाटी आजपासून कोणत्याही आदेशाच्या आधाराविना उभी आहे. अजून कोणी बाहेर असेल तर उद्याच पत्र पाठवून बोलवा.

मागच्या पगाराचं काय, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं निघेल. त्या दिवशी आदेश लागू होता का आणि तुम्ही काय लिहून दिलं होतं, यावर.

---

नवाचार्ज | ७ मे, सकाळी १०:१०

मग फायली कधी काढून टाकायच्या?

---

कामगारवकील | ७ मे, दुपारी १२:४५

अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीला ९० दिवस, वेतन प्रदान कायद्याच्या अर्जाला १२ महिने, नुकसानभरपाईच्या दाव्याला २ वर्षं, कामावरून कमी केल्याच्या थेट अर्जाला ३ वर्षं. उशीर माफ होऊ शकतो. आणि औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-सी(२) च्या थकबाकी वसुली अर्जाला मुदतच नाही. म्हणून मस्टर, बोलावण्याची पत्रं, परत आलेली पाकिटं, समझोते आणि त्या त्या दिवशीच्या आदेशांच्या प्रती ठेवा. तापमानाच्या वह्या आणि लसीच्या छायाप्रती मात्र आता कशाला हव्यात? ज्या कामगाराचा दावा चालू आहे त्याचं पान वेगळं काढा, बाकीच्या नष्ट करा, आणि नष्ट केल्याची नोंद करा. तारखेसह.